तोंडात तीन बोटं जातात का?

दिवाळीच्या आधीच्या सोमवारी सकाळी पुतणी दुकानात आली आणि काउंटरपाशी नुसती उभी राहिली. डावा हात गालावर, ओढणी कानावरून घेतलेली. मी म्हणालो, "काय गं, आज कॉलेज नाही का?" तिनं दात मिटलेलेच ठेवले आणि ओठांच्या फटीतून म्हणाली, "काका, तोंड उघडंना."

"बघू, आ कर."

तिनं जेवढं उघडलं तेवढ्यातून चमचा आडवा कसाबसा गेला असता. तेवढ्यानंही तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गाल बाहेरून फार सुजलेला दिसत नव्हता, पण जबड्याच्या कोपऱ्याखाली बोट लावलं तर बोराएवढी गाठ हाताला लागली आणि ती कळवळून मागं सरली.

बीड जिल्ह्यातल्या धारूरला माझं मेडिकल आहे, २००१ सालापासून. दाढदुखीच्या गोळ्या आजवर किती विकल्या याचा हिशोब मला सांगता येणार नाही. आणि या पोरीला आषाढापासून तीनदा गोळ्या मीच दिल्या होत्या. घरातली म्हणून पैसे घेतले नाहीत आणि घरातली म्हणूनच चिठ्ठीही मागितली नाही. त्या सकाळी तिच्याकडं बघताना कळलं की चार महिने मी तिचं दुखणं नुसतं दाबत आलोय.

पहिल्यांदा ती आली तेव्हा दाढेचं नावही नव्हतं. "काका, डाव्या कानात ठणका मारायलाय," म्हणाली. मी कानात टाकायचे थेंब दिले. दोन दिवसांनी सांगत आली की थेंबानं काहीच फरक नाही, उलट भाकरी चावताना जास्त दुखतंय. तेव्हा मी मोबाईलची बॅटरी लावून तोंडात बघितलं. शेवटच्या दाढेच्या मागं हिरडी लालभडक झालेली, आणि त्या हिरडीच्या पदराखालून एका दाढेचा पांढरा कोपरा डोकावत होता. खालच्या दाढांना आणि कानाच्या पुढच्या भागाला जाणाऱ्या नसा एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत, म्हणून दाढेचा ठणका कानात बसल्यासारखा वाटतो. हे मला नंतर अंबाजोगाईच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं. कान दुखतो म्हणून आलेल्या वीस-बावीस वर्षांच्या किती पोरापोरींना मी थेंब देऊन वाटेला लावलं असेल, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

घरी कळलं तेव्हा आई म्हणाली, "अक्कलदाढ यायलीय व्हय? मग दुखणारच की. अक्कल काय फुकट येतीय का?" वहिनी हसल्या, दादा हसला, मीही हसलो. लहान लेकराला पहिला दात आल्यावर घरात जसं होतं, तसंच काहीसं झालं.

मला आता वाटतं की या दाढेच्या नावानंच आपला घात केलाय. अक्कल येण्याच्या वयात येते म्हणून अक्कलदाढ. नाव ऐकलं की माणूस गृहीत धरतो की हे दुखणं वयाचं आहे, येईल आणि जाईल, सोसायचं. दुसऱ्या कुठल्या दाढेत एवढं दुखलं असतं तर आठ दिवसांत आम्ही तिला डॉक्टरकडं नेलं असतं. अक्कलदाढ म्हणाल्याबरोबर सगळं घर निवांत झालं. हिरडी फुटताना दोन-चार दिवस थोडं ठसठसणं वेगळं. पण ताप येणं, हिरडीतून घाण चव येणं, गिळताना दुखणं, गाल सुजणं, तोंड न उघडणं ही दाढ येण्याची लक्षणं नाहीत. तो जंतुसंसर्ग आहे, आणि त्याला वयाचं कौतुक नाही.

लेकराचे दात येतात तेव्हा जबडा मोकळा असतो. अक्कलदाढ येते साधारण १७ ते २५ या वयात, जेव्हा २८ जागा आधीच भरलेल्या असतात. तिला मागच्या टोकाला जेवढं उरलंय तेवढ्यातच बसायचं असतं. जागा असली तर सरळ येते आणि कळतही नाही. आईचं तसंच झालं होतं. तिला शहात्तरावं लागलंय, अजून ज्वारीची कडक भाकरी आणि हुरडा चावून खाते, आणि चारही अक्कलदाढा कधी आल्या ते तिला सांगता येत नाही. लहानपणापासून कडक, चावून खायचं खाल्लेल्यांचा जबडा जास्त भरतो असं म्हणतात. शिवाय आईबापांकडून आलेला बांधाही असतोच. पुतणीचा चेहरा वहिनींवर गेलाय, लहानखुरा. तिच्या जबड्यात त्या दाढेला जागाच नव्हती.

दुसऱ्यांदा दुखलं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तिसऱ्यांदा नवरात्रात. उपवास म्हणजे भगर आणि शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याच्या खिचडीत परत शेंगदाण्याचा कूट. त्या दोन्ही वेळी मी तिला वेदनाशामक आणि सोबत पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. मला ते पक्कं माहीत आहे, माझा परवाना काउंटरच्या मागं भिंतीवर टांगलेला आहे. तरी दिलं. तीन दिवसांत ठणका गेला, ती कॉलेजला जायला लागली, आणि मला बरं वाटलं.

आता या दाढेत नेमकं काय होत होतं ते सांगतो, कारण एकदा हे कळलं की गोळीवर भरवसा ठेवावासा वाटत नाही. दाढ अर्धीच वर येते. उरलेल्या अर्ध्यावर हिरडीचा पदर तसाच पसरलेला असतो. पदर आणि दाढ यांच्यामध्ये एक खिसा तयार होतो. या खिशात भाकरीचा कण जातो, चटणीतला कूट जातो, ब्रशचं टोक मात्र जात नाही. आत हवा नाही, उजेड नाही, अन्न आहे आणि ऊब आहे. जंतूंना याहून चांगली जागा कोणती? हिरडी सुजली की वरची दाढ चावताना तिच्यावरच आदळते, ती आणखी सुजते. सूज जवळच्या चावायच्या स्नायूंपर्यंत गेली की ते स्नायू आखडतात आणि तोंड उघडेनासं होतं. डॉक्टर याला पेरिकोरोनायटिस म्हणतात. गोळी रक्तातून तिथं पोचते, जंतू कमी करते, सूज उतरते. पण खिसा तसाच राहतो. पाचव्या दिवशी गोळ्या संपतात आणि सहाव्या दिवशी त्याच खिशात भाकरीचा नवा कण जाऊन बसतो.

हे सगळं मला चार वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं.

चार वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर शेजारच्या गावचा एक पोरगा, पंचविशीच्या आतला, ऊसतोडीला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडं आला. बायको सोबत होती, एक लेकरू कडेवर. "भाऊ, शेवटची दाढ दुखायलीय. लई दिवसांपासनं अधूनमधून होतंय. उद्या पहाटं गाडी हाय, जरा जास्तीच्या गोळ्या बांधून द्या." मी दोन पाकिटं दिली. वाटेत अडचण नको, असा माझा भाव होता, आणि तो खराही होता.

तो परत आला चैत्रात. हनुवटीच्या खाली, जबड्याच्या कडेनं दोन बोटं लांबीचा व्रण होता. कारखान्याच्या भागात, कोपीवर म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर असताना, गोळ्या चालू असतानाच सूज गळ्याकडं उतरली होती. खाडा धरला तर दिवस बुडतो आणि मुकादमाकडून आधी घेतलेली उचल फिटत नाही, म्हणून तो ताप अंगावर काढत मोळ्या वाहत राहिला. एका रात्री थुंकी गिळता येईना, जीभ वर उचलली गेली, बोलणं घोगरं झालं, आडवं पडलं की श्वास लागायला लागला. टोळीतल्या माणसांनी रात्रीच ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेलं. तिथं बाहेरून चीर देऊन पू काढला, नऊ दिवस ठेवून घेतलं. खालच्या दाढांमधला पू जिभेखालच्या जागेत पसरला तर श्वासाची वाटच बंद करू शकतो. १८३६ साली लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरनं याचं वर्णन केलं म्हणून त्याला लुडविग्ज अंजायना म्हणतात. अँटिबायोटिक निघण्याच्या आधी यात निम्म्याहून जास्त माणसं दगावत.

तो पोरगा माझ्यावर रागावला नव्हता. उलट म्हणाला, "भाऊ, तुमच्या गोळ्यांनी पंधरा दिवस निघाले बघा." तो आभार मानत होता. मी त्या वेळी ते वाक्य ऐकून घेतलं आणि कामाला लागलो. पंधरा दिवस निघाले म्हणजे पंधरा दिवस वाया गेले, हा त्याचा अर्थ मला घरच्या पोरीचं तोंड मिटल्यावर लागला.

त्या सोमवारी मी दुकान मुलाकडं सोपवलं आणि तिला, वहिनींना घेऊन अंबाजोगाईला गेलो. ओरल सर्जन मॅडमनी आधी एकच गोष्ट केली. तिला म्हणाल्या, "तुझी तीन बोटं एकावर एक उभी धर आणि तोंडात घालून बघ." पहिलं, मधलं आणि अनामिका. चांगल्या माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं जातात. पुतणीचं एकच बोट गेलं, तेही दुखत.

एवढ्याशा तोंडात दाढेमागं फिल्म धरून फोटो काढता येत नाही. म्हणून ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला. त्यात माणूस उभा राहतो आणि यंत्र डोक्याभोवती फिरतं, तोंड मोठं उघडायची गरज पडत नाही. पडद्यावर पूर्ण जबडा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पसरलेला दिसला. दादाही तोवर गावाकडून परस्पर येऊन पोचला होता. तो शेतकरी माणूस, पडद्याकडं बराच वेळ बघत राहिला. खालची डावी अक्कलदाढ पुढं तिरपी पडली होती आणि तिचं डोकं शेजारच्या दाढेच्या मानेत रुतलं होतं. ज्या जागी रुतलं होतं तिथं शेजारच्या चांगल्या दाढेवर एक काळपट सावली होती. कीड लागायला सुरुवात. दादा म्हणाला, "ही तर शेजाऱ्याचा बांध कोरायलीय." मॅडम म्हणाल्या, "अगदी बरोबर. आणि शेजारी चांगला आहे, त्याला आपल्याला वाचवायचंय."

बाकीच्या तिघींचं म्हणाल तर वरची डावी सरळ होती. वरची उजवी मुळात नव्हतीच, काही माणसांत एखादी अक्कलदाढ तयारच होत नाही. खालची उजवी अजून हाडात होती, पण उभी. मॅडमनी फोटोत दोन बारीक समांतर रेषा दाखवल्या. खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेचा तो बोगदा. ही नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. दाढेची मुळं तिच्या किती जवळ आहेत ते बघूनच पुढं जायचं असतं, कारण तिला धक्का लागला तर ओठाचा अर्धा भाग काही दिवस, काही महिने, क्वचित कायमचाही बधिर राहू शकतो. पुतणीच्या मुळांत आणि नसेत अंतर होतं. तरी त्यांनी संमतीच्या कागदावर हे लिहिलं आणि वाचून दाखवलं. मला ते आवडलं. धोका लपवणाऱ्यापेक्षा धोका मोजून सांगणाऱ्या डॉक्टरवर माझा जास्त विश्वास बसतो.

त्या दिवशी दाढ काढली नाही. सूज असताना घाई करायची नसते. त्यांनी वाकड्या टोकाची एक छोटी प्लास्टिकची सिरिंज घेतली, तिचं टोक हिरडीच्या पदराखाली सरकवलं आणि औषधाच्या पाण्यानं खिसा धुतला. मी जवळच उभा होतो. पहिल्या धारेबरोबर पांढुरकं, घाण वासाचं पाणी आलं. दुसऱ्या धारेबरोबर तपकिरी सालीचा एक तुकडा आला. शेंगदाण्याचं साल होतं ते, टाचणीच्या डोक्याहून थोडं मोठं. नवरात्र होऊन तीन आठवडे होत आले होते. ते साल कधीचं, कोण जाणे. पण त्या एका सालासाठी मी पोरीला अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले होते, आणि दोन्ही कोर्सना त्या सालापर्यंत पोचता आलं नव्हतं.

घरी आल्यावर वहिनींनी रात्री मला बाजूला घेतलं. "भाऊजी, दाढ काढली तर पोरीच्या डोळ्यावर येणार न्हाई ना? आणि तोंड वाकडं झालं तर? पुढं लग्नाचं बघायचंय." ही भीती मला काउंटरवर रोज भेटते. दातांच्या नसा आणि नजरेची नस या दोन वेगळ्या नसा आहेत, दाढ काढल्यानं नजर कमी होत नाही. वय झालेल्या माणसाचे दातही जातात आणि नजरही कमी होते, दोन्ही एकाच वयात होतं, त्यातून कुणीतरी ही गाठ मारलेली असावी. चेहऱ्याचं म्हणाल तर सूज चार-पाच दिवस राहते आणि उतरते. मी वहिनींना उलटं सांगितलं, लग्नाचं बघायचंय म्हणूनच आत्ता काढू. उद्या दिवस राहिले आणि ही दाढ परत उठली, तर काही औषधं देता येणार नाहीत आणि पोर ठणक्यात दिवस काढेल. शिवाय विशीत हाड मऊ असतं, जखम लवकर भरते. चाळिशीत तीच दाढ काढणं जड जातं. वहिनींनी ऐकून घेतलं. "तुम्ही म्हणता तर," एवढंच म्हणाल्या.

दिवाळी तिनं कण्यांवर काढली. आईनं ज्वारीच्या कण्या ताकात शिजवल्या, त्यात मीठ. सकाळी सुशीला, मुरमुरे भिजवून मऊ केलेला. बालाघाटातली सीताफळं घरात टोपलीभर आली होती आणि ती तिच्या सगळ्यात आवडीची, पण बी सोडवायला तोंडात फिरवावं लागतं, ते जमेना. आईनं एकेका पाकळीचं बी हातानं काढून वाटीत गर दिला. रोज जेवण झालं की ती आरशापुढं उभी राहून त्या सिरिंजनं खिसा धुवायची. पाचव्या दिवशी दोन बोटं गेली. आठव्या दिवशी अडीच.

भाऊबीज झाल्यावर दाढ काढली. भूल फक्त त्या बाजूला दिली. अर्धा ओठ आणि अर्धी जीभ बधिर झाली, पोरगी पूर्ण जागी होती. हिरडी थोडी उघडून, कडेचं हाड थोडं उतरवून त्यांनी दाढेचे दोन तुकडे केले. तिरपी अडकलेली दाढ अख्खी ओढली तर शेजारची हलते, म्हणून तुकडे करून काढतात. चाळीस मिनिटं लागली. मी दाराबाहेर होतो, पाण्याचा आणि यंत्राचा आवाज येत होता, मध्ये एकदा मॅडमचा, "दाब जाणवेल, दुखणार नाही, दुखलं तर हात वर कर." पोरीनं हात वर केला नाही. नंतर स्टीलच्या ट्रेमध्ये ते दोन तुकडे बघितले. एकाच्या कडेला काळं झालेलं होतं. तीन टाके पडले.

आता पुढचे दोन दिवस महत्त्वाचे, आणि आमच्याकडं नेमकं तिथंच चुकतं. दाढ काढली की घरातलं प्रत्येक माणूस सांगतं, मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर, रक्त थुंकून टाक. दोन्ही पहिल्या दिवशी करायचं नसतं. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच जखमेचं झाकण. थुंकलं, चूळ जोरात भरली, स्ट्रॉनं ओढून प्यालं, तंबाखू धरली की ती गुठळी निघून जाते आणि खालचं हाड उघडं पडतं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा ठणका सुरू होतो की दाढ होती तेव्हाचं बरं होतं असं माणूस म्हणतो. याला ड्राय सॉकेट म्हणतात. तेव्हा गोळ्या वाढवत बसायचं नाही, परत डॉक्टरकडं जायचं. ते खड्डा धुऊन आत औषधाची पट्टी भरतात. त्या पट्टीत बहुधा लवंगाच्या तेलातलं युजेनॉल असतं. आईला हे सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं, कारण पहिल्या दिवसापासून ती लवंग धर म्हणत होती आणि आम्ही तिला गप्प करत होतो. मिठाच्या कोमट गुळण्या चोवीस तासांनंतर, हळुवार.

शेकाचंही तसंच. वहिनी तव्यावर फडकं गरम करायला निघाल्या होत्या. पहिल्या दिवशी बाहेरून थंड ठेवायचं. माझ्याकडं इन्सुलिनच्या खोक्यांतून थंड राहायला येणारी जेलची पाकिटं असतात. ती दुकानाच्या फ्रिजमध्ये गोठवून, पंचात गुंडाळून दिवसभर आलटून पालटून तिच्या गालाला लावली. दहा-पंधरा मिनिटं लावायचं, तेवढाच वेळ काढायचं. दुसऱ्या दिवशी गाल लिंबाएवढा फुगला, चौथ्या दिवसापासून उतरला. सातव्या दिवशी टाके काढले.

आता दुकानात मी काय बदललं ते लिहितो. कुणी दाढदुखीची गोळी मागितली की मी आधी म्हणतो, "तीन बोटं घालून दाखवा." लोक बिचकतात, हसतात, मग घालतात. ज्यांची जात नाहीत त्यांना गोळ्या देऊन बोळवत नाही, दातांच्या डॉक्टरचा पत्ता देतो. खाजगीचं परवडत नसेल तर संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिकडं पाठवतो. लातूरला आणि नांदेडलाही दंत महाविद्यालयं आहेत. ज्यांच्या गिळण्यात, बोलण्यात किंवा श्वासात फरक पडलाय त्यांना दातांच्या डॉक्टरकडंही नाही, सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात, त्याच दिवशी.

या तीन बोटांनी मला दुसरंच एक दुखणं दाखवलं. एकोणीस-वीस वर्षांची पोरं, दाढ अजिबात दुखत नाही, सहज गंमत म्हणून बोटं घालून बघतात आणि दोनच जातात. गालाच्या आत बघितलं तर कातडी पांढुरकी, ताठ. तिखट लागलं की आग होते म्हणतात. हे दाढेचं नाही, हे सुपारीचं आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पोरांच्या खिशात पुड्या असतातच. सुपारीनं गालाच्या आतले तंतू आवळत जातात, आणि यातून पुढं कर्करोग होऊ शकतो. दाढेनं मिटलेलं तोंड आठ दिवसांत उघडतं. सुपारीनं मिटलेलं तोंड सहजी उघडत नाही. या पोरांशी मी गिऱ्हाईक थांबवून बोलतो. काही ऐकतात.

आणि एक गोष्ट मी कुणालाही देत नाही, ती म्हणजे दाढेवर दाबून धरायला गोळी. कुटून हिरडीवर लावायची पद्धत आपल्याकडं फार आहे. गोळी पोटातूनच काम करते. हिरडीवर ठेवलेली ॲस्पिरिन हिरडी भाजते, पांढरा चट्टा पडतो आणि सोलतो. आठवडी बाजारात दाढेची कीड काढून दाखवतात, तीही फसवणूकच. दातात अळी नसते, जंतूंच्या आम्लानं दात झिजतो त्याला आपण कीड म्हणतो.

हे वाचून कुणी घाबरून चारही अक्कलदाढा काढायला निघू नका. सरळ आलेली, वर-खाली नीट मिळालेली, ब्रश पोचत असलेली दाढ चांगली दाढ आहे. अडकलेली पण काही त्रास न देणारी दाढ उगाच काढू नये, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००० सालीच सांगितलं आहे. त्याच सूचनेत असंही आहे की हिरडीचा असा संसर्ग एकदा होऊन गेला तर लगेच काढायची गरज नसते, पहिला झटका फार जोराचा असेल तर गोष्ट वेगळी. पण दुसऱ्यांदा झाला तर काढण्याचा विचार करावा. दुसऱ्यांदा. आमच्या पोरीला तो पोळ्यालाच झाला होता.

गेल्या आठवड्यात दिवे लागणीला एक जोडपं आलं. टोळीच्या गाड्या रात्री निघणार होत्या, बाहेर ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळी, लेकरं भरणं चाललं होतं. माणूस म्हणाला, "दाढंच्या गोळ्या द्या भाऊ, चांगल्या महिनाभराच्या." मी तीन बोटं घालायला लावली. अडीच गेली. बॅटरी लावून बघितलं, हिरडीचा पदर तसाच, आमच्या पोरीसारखा. मी म्हणालो, दोन दिवस थांबा, अंबाजोगाईला जाऊन या. तो म्हणाला, "उचल घेतलीय. थांबता येत न्हाई." त्याचं खरं होतं. महिनाभराच्या गोळ्या दिल्या नाहीत. तीन दिवसांची वेदनाशामक दिली, जेवणानंतरच घ्या म्हणून सांगितलं. एक वाकडी सिरिंज दिली आणि कोमट मिठाच्या पाण्यानं पदराखाली कसं धुवायचं ते त्याच्या बायकोला हातानं करून दाखवलं. औषधाच्या पाकिटामागं लिहिलं, "थुंकी गिळता येईना, तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडलं, गळा सुजला किंवा ताप आला, तर खाड्याचा विचार न करता त्याच दिवशी दवाखाना." खाली माझा फोन नंबर. तिला वाचता येतं का विचारलं, ती म्हणाली, "येतंय." तिनं ते एकदा मोठ्यानं वाचलं, घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवलं. मग बाहेरून मुकादमानं आवाज दिला.